सद्हेतू आणि हळदकुंकवाचे रोप

एखादे फुलझाड लावणे हा नीतिशास्त्राचा विषय होऊ शकतो काय? प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येईल आणि त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देणार नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. जिथे चैत्र-वैशाखात काही वाड्यावस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोणी आपल्या वाट्याच्या पाण्यातले तांब्याभर पाणी एखाद्या रोपाला घालीत असेल, तर त्याला शाबासकी द्यावी की त्याच्यापुढे नीतीचा काथ्याकूट मांडावा? तरीही हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. अलीकडे शाळांच्या, ख्रिस्तमंदिरांच्या आणि घरांच्या आवारात ‘फुलपाखरू उद्यान’ करण्याची हौस वाढली आहे, आणि या हौसेच्या केंद्रस्थानी बहुधा एकच रोप असते. रोपवाटिकेतून ते आणले जाते. त्याला आपल्याकडे हळदकुंकू म्हणतात.

खाली वळलेल्या तांबड्या पाकळ्या आणि त्यांवर पिवळाधमक मुकुट, अशा फुलामुळे हे नाव पडले. संक्रांतीच्या समारंभाशी त्याचा काही संबंध नाही, हे आमच्या काही माउलींना मुद्दाम सांगावे लागते. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली त्याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यात ग्रीकांच्या वैद्यदेवतेचा आणि कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाचा उल्लेख आहे. मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे त्याचे माहेर. पान खुडले की दुधासारखा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि पोटात गेला तर त्यातील द्रव्यांचा हृदयावर परिणाम होतो. मात्र फुलपाखरांच्या एका कुळाने या विषालाच आपले चिलखत केले आहे. त्यांच्या अळ्या ही पाने खातात, विष अंगात साठवतात, आणि पुढे पंख फुटल्यावरही ते कडू विष त्यांच्या देहात राहते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणूनच मराठीत या फुलपाखरांना ‘कडवा’ हे नाव मिळाले. नारिंगी पंखांचा, काळ्या किनारीवर पांढरे ठिपके मिरवणारा बिबळ्या कडवा आपण सर्वांनी पाहिला आहे, नाव ठाऊक नसले तरी. इस्राएल लोक ज्या इजिप्तमध्ये राबले, तेथील थिब्ज नगरीच्या प्राचीन थडग्यांतील भित्तिचित्रांतही हेच फुलपाखरू उडताना दिसते.

तेव्हा फुलपाखराला हवे ते झाड आपण लावले, यात वावगे काय? येथे आपल्याला थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल.

तेथे मोनार्क, म्हणजे सम्राट, या नावाचे फुलपाखरू आहे. आपल्या बिबळ्या कडव्याचा तो सख्खा भाऊबंदच. शरद ऋतूत जन्मलेली त्याची पिढी लगेच अंडी घालीत नाही. ती कॅनडा आणि संयुक्त संस्थानांच्या उत्तरेकडून निघते आणि मेक्सिकोतील मिचोआकान प्रांताच्या उंच डोंगरांवर हिवाळा काढण्यासाठी जाते. काहींचा प्रवास चार हजार किलोमीटरांच्याही पुढे जातो. ज्याचे वजन एक ग्रॅमही भरत नाही, त्या जिवाची ही यात्रा! ज्या देवदारांवर ती लक्षावधींनी विसावतात, ती ठिकाणे बाहेरच्या शास्त्रज्ञांना १९७५ साली कळली. त्या डोंगरांतल्या खेडुतांना मात्र ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. फुलपाखरे तेथे पोहोचतात ती नोव्हेंबरच्या आरंभी, मृत भाविकांच्या स्मृतिदिनाच्या आगेमागे. म्हणून आपले दिवंगत आप्तजनच या रूपाने भेटीस आले, असे तेथील भाविक मानीत आले आहेत.

मोनार्कची संख्या घटू लागली तेव्हा अमेरिकेतील सज्जन माणसे हळहळली. अळ्यांचे अन्न असलेली रानझाडे शेतांतून तणनाशकांनी नाहीशी केली होती. मग लोकांनी आपापल्या बागांत ती वनस्पती लावायचे ठरवले. रोपवाटिकेत कोणती सहज मिळत होती? हीच, हळदकुंकवाची. दिसायला सुंदर, वाढायला सोपी. हजारो हातांनी ती प्रेमाने लावली. घोटाळा झाला तो याच ठिकाणी. तेथील देशी जाती थंडी पडताच जमिनीलगत सुकून जातात. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा उबदार भागांत हळदकुंकू मात्र हिवाळाभर हिरवेच राहते. दारात अन्न आहे म्हटल्यावर काही फुलपाखरे पुढचा प्रवास सोडून तेथेच राहू लागली, अवेळी अंडी घालू लागली. त्यांच्यात एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याचे बीजकण फुलपाखराच्या अंगावरून पानांवर झडतात, अळी ते पानासोबत खाते, आणि बाधा तीव्र असली तर कोशातून बाहेर येणाऱ्या फुलपाखराचे पंख उलगडतच नाहीत. देशी झाड सुकले की त्याच्यावरचे बीजकणही संपत. बाधित फुलपाखरे लांबच्या प्रवासात गळून पडत. आता झाड सुकेना आणि प्रवास होईना. एकाच ठिकाणी राहून हिवाळ्यात प्रजनन करणाऱ्या फुलपाखरांत ही बाधा प्रवासी फुलपाखरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. ज्यांनी झाड लावले होते, त्यांच्या मनात फुलपाखराविषयी मायेखेरीज दुसरे काही नव्हते.

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकवले गेले. कृती चांगली ठरायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: प्रत्यक्ष कृत्य, त्यामागचा हेतू, आणि ते जेथे व जेव्हा घडते ती परिस्थिती. त्या वयात तिसरी गोष्ट आम्हांला किरकोळ वाटे. हेतू शुद्ध असला म्हणजे झाले, असे तरुणपणी सर्वांनाच वाटते. अक्वायनस यांनी विवेकाला इतर सद्गुणांचा वाटाड्या का मानले असावे, हे धर्मग्रामात काही वर्षे काढल्यावर कळू लागते. हळदकुंकवाच्या प्रकरणात कृत्य निर्दोष होते, हेतू तर वाखाणण्याजोगा होता. चुकली ती परिस्थिती. तेच झाड मेक्सिकोच्या सखल प्रदेशात घरचे, आणि टेक्सासच्या हिवाळ्यात जणू सापळा.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. हा वृत्तांत आम्ही एकदा प्रवचनात थोडक्यात सांगितला, तेव्हा एक सद्गृहस्थ बाहेर येऊन म्हणाले, “बघा फादर, म्हणूनच मी म्हणतो, फुकटचे देऊ नये. लोक आळशी होतात.” त्यांचे म्हणणे आम्हांला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. फुलपाखराचा दाखला गरिबाला लावण्याची ही घाई कशासाठी? दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडणी कामगार आपली बिऱ्हाडे घेऊन भीमेच्या आणि घोडनदीच्या काठी उतरतात. पाचटाच्या कोप्यांत थंडी काढणाऱ्या त्यांच्या पोरांना पांघरूण दिल्याने त्यांचा उद्यमशीलपणा बिघडतो, असे ज्याला वाटते त्याने एकदा पहाटे चार वाजता फडावर जाऊन पाहावे. शिवाय मुख्य भेद निराळाच आहे. त्या माउलीला आपण विचारू शकतो: बाई, काय हवे? पांघरूण की पोरांसाठी शाळा, की डॉक्टर? ती सांगेल. तिचे ऐकून घेणे हाच तेथे विवेक. फुलपाखराला विचारता येत नाही. ते मुके आहे. म्हणून त्याच्या बाबतीत ऐकून घेण्याची जागा अभ्यासाला घ्यावी लागते: ते काय खाते, कोठे अंडी घालते, कोणत्या महिन्यात कोठे असते. मुक्या जिवाला काही द्यायचे तर आधी त्याच्याविषयी जाणून घेतले पाहिजे. न जाणता दिलेले दान बहुधा देणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते. आमचा मुद्दा एवढाच आहे, आणि तो गरिबाला नाकारण्यासाठी वापरता येणार नाही.

न विचारता आणलेल्या हिरवाईचे परिणाम आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. परदेशातून धान्याबरोबर आलेले गाजरगवत भारतात ठळकपणे प्रथम नजरेस आले ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. आज त्याच्यावाचून एक बांध सापडेल तर शपथ. घाणेरी एकोणिसाव्या शतकात शोभेचे कुंपण म्हणून आली. तिच्या फुलांवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे, पण तिने किती रान गिळले ते वनखात्याला विचारावे. आणि ऊस? उसाला वाईट म्हणण्याचे धाडस आमच्यात नाही. धर्मग्रामातली कितीतरी लग्ने आणि शाळेच्या फिया त्याच्यावर निघतात. पण धरणे झाली, कालवे आले, शिरूरच्या माळावर बारमाही हिरवे रान उभे राहिले, आणि बिबट्याने त्याला जंगल मानले. उसातच त्याची पिले जन्मतात, उसातच वाढतात. फड तुटू लागला की ती उघडी पडतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतील घराघरांत या गोष्टीची किंमत शेळ्या-वासरांनी आणि काही ठिकाणी माणसांनीही मोजली आहे. कोणी बिबट्यासाठी ऊस लावला नव्हता. हिरवे झाड सुकायच्या वेळी सुकले नाही म्हणजे त्याच्या आधाराने राहणारे जीव आपला जुना क्रम मोडतात, हे जे टेक्सासमध्ये फुलपाखराचे झाले, ते येथे बिबट्याचे झाले.

मग शिरूर-दौंडमध्ये हळदकुंकू लावूच नये काय? अमेरिकेतील सल्ला जसाच्या तसा येथे आणणे, हेही एका परीने परदेशी रोप न विचारता लावण्यासारखेच होईल. आपला बिबळ्या कडवा मेक्सिकोची यात्रा करीत नाही. त्याचे अन्नही हिवाळ्यात संपत नाही, कारण आपल्याकडे रुई आहे. खडकाळ माळ, पडीक शेत, रेल्वेची कड, नदीची कोरडी वाळवंटे, जिथे काही उगवत नाही तिथे रुई उगवते, आणि वैशाखातही तिचे पान जाड आणि हिरवे असते. तिचा चीकही तसाच कडू. बिबळ्या कडव्याची मादी पानाखाली एकेकटे अंडे घालते. तीन-चार दिवसांत काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी बाहेर येते, पाठीवर मऊ शिंगांच्या तीन जोड्या घेऊन. रुईच्या जांभळट फुलांवर काळे भुंगे येतात. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा तो भडक नाकतोडा तर रुईवाचून क्वचितच दिसतो. शेजारच्या हिंदू बांधवांच्या घरून शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ जाते. आणि रुईचे बोंड फुटून वाऱ्यावर निघालेली ‘म्हातारी’ पकडण्यासाठी जो धावला नाही, त्याचे बालपण शहरात गेले असावे.

म्हणजे फुलपाखराचे घर येथे आधीच आहे. आपण करतो काय, तर उद्यान करायचे म्हणून प्रथम आवारातली रुई मुळासकट काढतो, जागा ‘स्वच्छ’ करतो, आणि मग पैसे देऊन परदेशी चुलतबहीण आणून लावतो. आमच्या मते आपल्याकडचा नीतीचा प्रश्न हा आहे. हळदकुंकू हे पाप नव्हे. जे आपोआप मिळाले त्याला तुच्छ लेखून विकत घेतलेल्याला दान म्हणणे, यात मात्र काहीतरी कुजके आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, शेतीतील विषांनी नाहीशा होणाऱ्या पक्षी-कीटकांविषयी चिंता व्यक्त केली. तीत एक गोष्ट मार्मिक आहे: निसर्गाने फुकट केलेले काम आपण बिघडवतो, आणि मग ते भरून काढण्यासाठी आणखी एक मानवी उपाय योजतो. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याने हेच आपल्या पद्धतीने सांगितले. मुलांनी रुईचे रोप लावायचे ठरवले तेव्हा ते म्हणाले, “फादर, रुई लावायची कशाला? तिला फक्त उपटू नका.”

ज्यांच्या अंगणात हळदकुंकू आहे, किंवा ज्यांना ते हवेच आहे, त्यांनी ते ठेवावे. पण ठेवण्याचीही रीत आहे. हे झाड भारतात पाणथळ जागी आणि ओढ्याकाठी रानटी वाढू लागलेले आढळते. म्हणून ते पाटाजवळ, विहिरीच्या काठी किंवा ओढ्यालगत लावू नये. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा आहे, शिरूरकडे चासकमानचा. एका शेंगेतील बी पाण्याबरोबर आणि वाऱ्याबरोबर कोठवर जाईल याचा हिशेब नाही. शेंगा तडकण्याआधी तोडाव्यात. पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा फेब्रुवारीच्या आसपास झाड वीतभर ठेवून छाटावे. मात्र एकाच वेळी सारे नव्हे. आधी पाने उलटून पाहावीत, अळ्या असतील ती झाडे मागाहून छाटावीत. एकाच जुन्या पानावर पिढ्यामागून पिढ्या पोसू नयेत, यासाठी हे करायचे. छाटताना हातमोजे घालावेत, चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये, आणि कापलेल्या फांद्या जनावरांच्या चाऱ्यात मिसळू देऊ नयेत. चिमुकल्या मुलांना हे आधी शिकवावे, फुलपाखराचे नाव मागाहून.

रोप विकत घेताना त्यावर औषध मारले आहे काय, हे विचारावे. काही कीटकनाशके मुळांवाटे पानांत उतरतात आणि धुऊन जात नाहीत. अशा रोपावर आलेली अळी मरते. त्यापेक्षा ओळखीच्या घरून बी आणून स्वतः रोप करणे सोपे आणि स्वस्त. शेंड्यावर पिवळा मावा येणारच. तो पाण्याच्या फवाऱ्याने उडवावा, नाहीतर लाल पाठीच्या ढालकिड्यांची वाट पाहावी. फवारणीचा पंप घेऊन फुलपाखरू उद्यानात शिरणाऱ्या माळ्याला आम्ही पाहिले आहे. त्याला वाटत होते की पाने कुरतडली गेली म्हणजे बाग आजारी आहे. ज्याला फुलपाखरू हवे त्याला कुरतडलेले पान सोसले पाहिजे, हे माळ्याला समजावून सांगायला पाच मिनिटे लागली. शाळेच्या समितीला समजावायला दोन बैठका लागल्या.

आणि एकाच झाडावर सारे लक्ष कशाला? कुंपणावर उतरणीचा वेल आपसूक येतो, तो ओढून काढू नये. हिरणदोडीचा वेल कोठे असेल तर तो नशीबवान कोपरा समजावा. निळ्या ठिपक्यांच्या कडव्याची मादी तेथे अंडी घालते. पिवळ्या फुलांचा खुळखुळा लावला तर कडव्यांचे नर त्याच्या सुकल्या भागांतून काही द्रव्ये शोषतात आणि मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांपासून करतात. परसातले लिंबू आणि कढीपत्ता यांवर निराळी फुलपाखरे येतात. लिंबाची चार पाने अळीने खाल्ली म्हणून घरात भांडण करू नये.

शेवटी आमच्या धर्मग्रामातील एका निर्णयाविषयी सांगतो, कारण त्यावर अजून कुरबुर चालू आहे. २ नोव्हेंबरपूर्वी आपण सर्वजण मिळून दफनभूमी साफ करतो. गवत कापतो, थडगी धुतो, फुले व मेणबत्त्या ठेवतो. ही चांगली परंपरा आहे. पण पावसाळा नुकताच सरलेला असतो, रुईला नवी पालवी असते आणि त्याच वेळी अळ्या पानापानांवर असतात. कोयता सर्वांवरून सारखाच फिरतो. रुई उगवलेली जागा म्हणजे ओसाड जागा, असा आपला समज आहे, आणि आपल्या आईवडिलांची जागा ओसाड दिसावी असे कोणाला वाटेल? हा भावनेचा प्रश्न आहे, आणि आम्ही त्याला हसत नाही. म्हणून असे ठरले की थडग्यांवरची आणि वाटेवरची रुई निघेल, पश्चिमेकडच्या भिंतीलगतची पट्टी मात्र कोणी तोडणार नाही. तरुण मंडळाच्या मुलांनी तेथे चुन्याने एक रेघ ओढली आहे. काही ज्येष्ठांना ती पट्टी अजून खुपते. एका आजींनी विचारले, “फादर, माझे मालक त्याच भिंतीशी आहेत, त्यांच्यावर रान वाढू देणार का?” त्यांच्या पतीचे थडगे रेघेच्या दोन हात आत येत होते. मुलांनी तेवढ्यापुरती रेघ वळवून घेतली.